दर्यावर रेघ ओढताना

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्राविषयी दोन मोठे निर्णय घेतले. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण इथे ७६,२२० कोटी रुपये खर्चून बंदर उभारायचे, हा पहिला. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यासमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या पवनचक्क्या समुद्रात उभ्या राहाव्यात म्हणून ७,४५३ कोटींची योजना, हा दुसरा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर खाण मंत्रालयाने समुद्रतळावरच्या खनिजांचे तेरा पट्टे लिलावात काढले. त्यांतले तीन पट्टे केरळमधल्या कोल्लमसमोरच्या बांधकामाच्या वाळूचे होते. काही महिन्यांतच केरळच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार रस्त्यावर उतरले.

हे तीन निर्णय तीन मंत्रालयांचे आहेत. मत्स्य विभाग खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांना अनुदान देतो, वन विभाग सागरी अभयारण्ये राखतो, पेट्रोलियम मंत्रालय तेलाचे पट्टे वाटते आणि नौदलाची स्वतःची सरावक्षेत्रे असतात. प्रत्येकाकडे आपापल्या कामापुरता नकाशा आहे. हे सगळे नकाशे एकावर एक ठेवून कुणाची रेघ कुणाच्या पोटावरून जाते हे पाहणारी, कायद्याने बांधलेली अशी एकही व्यवस्था आपल्याकडे अजून नाही.

जमिनीवर रस्ता किंवा धरण आखायचे तर निदान सातबारा काढावा लागतो. मालक कोण, कूळ कोण, वहिवाट कुणाची, हे त्यावरून कळते. त्या उताऱ्यात चुका असतात, पण भांडायला एक कागद तरी हाती येतो. समुद्राला असा उतारा नाही. पाण्यावर पिढ्यान् पिढ्या चाललेली वहिवाट सरकारी दप्तरात कुठेच उमटत नाही. म्हणून प्रकल्पाचा आराखडा करणाऱ्याला समुद्र मोकळा दिसतो आणि तिथे जाळे टाकणारा माणूस मध्येच उपटलेला अडथळा वाटू लागतो.

हा लेख महाराष्ट्राच्या समुद्राबद्दल आहे. त्यात मला सांगायचे आहे ते एवढेच: समुद्राच्या वापराचे नियोजन न्यायाने करायचे असेल, तर तिथल्या प्रत्येकाला आधी विचारले पाहिजे, तुम्हाला इथून हलता येईल का? ज्याला हलता येते त्याने हलावे. ज्याला हलता येत नाही त्याची नोंद सर्वांत आधी व्हावी. आणि दोघांनाही हलता येत नसेल, तर ज्याचे जाणार आहे त्याच्या हाती काम सुरू होण्यापूर्वी पुरते मोल पडावे.

मोकळे दिसणारे पाणी

झाई-बोर्डीपासून रेडी-तेरेखोलपर्यंत महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटरचा, असे आपण शाळेपासून शिकलो. २०१० च्या सागरी मत्स्य गणनेत या किनाऱ्यावर मच्छीमारांची ४५६ गावे आणि ८१ हजारांहून अधिक कुटुंबे मोजली गेली. त्यांच्या दारासमोरचे पाणी कायद्याने असे वाटले आहे: किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचा अधिकार राज्याचा. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. मोठी बंदरे, तेल, जहाजांचे मार्ग आणि संरक्षण हे विषय केंद्राकडे, तर लहान बंदरे राज्याच्या सागरी मंडळाकडे.

आता या पाण्यात काय काय आहे ते पाहू. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खणणाऱ्या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. बॉम्बे हाय या त्या तेलक्षेत्रातल्या प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचे सुरक्षा क्षेत्र असते आणि मच्छीमार नौकांना तिथे मज्जाव असतो. पाण्यात उभ्या असलेल्या कुठल्याही बांधकामाभोवती मासळी जमते, त्यामुळे मासळी फलाटाच्या आश्रयाला आणि नौका बाहेर, असे घडते. तिथून तेलवायूच्या वाहिन्या समुद्रतळावरून उरणच्या दिशेने येतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या दळणवळणाच्या केबली जमिनीला लागतात आणि आपले निम्मे व्यवहार ज्या इंटरनेटवर चालतात ते त्यांतून वाहते. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण (जेएनपीए) आणि मुंबई बंदराकडे जाणारी जहाजे खोल केलेल्या मार्गाने ये-जा करतात. पालघरात १९६९ पासून तारापूरचे अणुवीज केंद्र समुद्राच्या पाण्याच्या आधाराने चालते. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आंग्रिया बँक हे प्रवाळाचे पठार पाण्याखाली आहे.

या सगळ्यांना जागा हवी आहे आणि प्रत्येकाची गरज खरी आहे. पण हलण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी. जहाजाचा मार्ग काही मैल बाजूला नेता येतो. त्याला थोडे जास्त इंधन लागते. केंद्राने तसे केलेही आहे. १ ऑगस्ट २०२० पासून नैर्ऋत्य भारतीय समुद्रात व्यापारी जहाजांचे आणि मच्छीमार नौकांचे मार्ग वेगळे करण्यात आले, कारण तिथे टकरी होऊन माणसे मरत होती. केबल वळवून टाकता येते. पवनचक्क्यांच्या रांगा मासळीच्या मार्गात येणार नाहीत अशा मांडता येतात. प्रवाळाला मात्र हलता येत नाही. खाडीचे मुख, मासळीची अंडी घालण्याची जागा, खडकाची कपार, डोल जाळ्याला लागणारा पाण्याचा ताण यांपैकी काहीच उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आणि ज्याच्याकडे बिनइंजिनाची होडी आहे किंवा लहान इंजिनाची नौका आहे, त्यालाही लांब जाता येत नाही.

कव

पाण्यावर हक्काची रेघ नसते, हा समज उत्तर कोकणात फार काळ टिकत नाही. वसईपासून डहाणूपर्यंतच्या गावांत डोल जाळ्याची मासेमारी चालते. तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले हे लांब जाळे समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते आणि बोंबील, जवळा, करंदी जाळ्यात येते. जाळे जागेवर असते आणि पाणी मासळी आणते. म्हणजे या धंद्याचे सगळे भांडवल जागेत असते. किती वाव पाणी, तळ चिखलाचा की रेतीचा, उधाणाला पाण्याचा जोर किती आणि भांगाला किती, हे तांडेलाला ठाऊक असते. खुंट रोवायच्या त्या जागेला कव म्हणतात. कुणाची कव कुठे हे गावात ठरलेले असते आणि ते शेजारच्या गावाला मान्य असते.

सागरी नियोजन हा शब्द दिल्लीत पोहोचण्याच्या कितीतरी आधी कोळीवाड्यांनी ते आपल्या पद्धतीने चालवले होते. पण ती व्यवस्था निर्दोष होती असे म्हणणे खरे ठरणार नाही. नौका मोठ्या झाल्या, इंजिने आली, किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, तेव्हा दक्षिणेकडच्या वसई-उत्तन भागातल्या मच्छीमारांनी उत्तरेकडे सातपाटी-डहाणूच्या समोरच्या खोल पाण्यात कवी मारल्या. त्या भागात सरंग्यासाठी तरंगती जाळी सोडणारे मच्छीमार होते. पाण्यासोबत वाहत जाणारे जाळे रोवलेल्या खुंटांत अडकले की फाटते. एकाचा धंदा जागेला खिळलेला, दुसऱ्याचा वाहण्यावर अवलंबून. दोघेही मच्छीमारच. या वादात समुद्रात मारामाऱ्या झाल्या, बैठका झाल्या, समित्या नेमल्या गेल्या. वर्षानुवर्षे तो धुमसतो आहे.

या वादातून मला दोन गोष्टी दिसतात. परंपरेच्या रेघा खऱ्या असतात, म्हणून त्यांच्यासाठी माणसे जिवावर उदार होतात. आणि त्या कागदावर नसतात, म्हणून वाद निकालात निघत नाही. कुणाची कव आधीची हे ठरवायला दोन्हीकडे तोंडी साक्षीच असतात. जे भांडण गावागावांत मिटत नाही, ते मच्छीमार आणि बंदर यांच्यात उभे राहिले, तर कागद नसलेला पक्ष पहिल्याच फेरीत हरतो.

वाढवण

डहाणू तालुक्याचे पर्यावरण नाजूक आहे, असे केंद्र सरकारने १९९१ मध्ये अधिसूचना काढून मान्य केले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. वाढवणला बंदर करण्याचा प्रस्ताव तेव्हाही होता. १९९८ मध्ये प्राधिकरणाने तो नाकारला.

पुढच्या पंचवीस वर्षांत निर्णय उलटा झाला. नवा प्रस्ताव जेएनपीएने पुढे आणला. २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, आता नव्या अध्यक्षांखाली, ना-हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी आली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरमध्ये पायाभरणी केली.

बंदराची बाजू हलकी नाही आणि ती नीट मांडली पाहिजे. आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजे आपल्या बहुतेक बंदरांत येऊ शकत नाहीत. त्यांना खोल पाणी लागते. वाढवणला किनाऱ्याजवळच १८ ते २० मीटरची नैसर्गिक खोली मिळते. नऊ कंटेनर टर्मिनल, प्रत्येक एक हजार मीटर लांबीचे. वर्षाला २९८ दशलक्ष टन मालाची क्षमता. भारताचा माल कोलंबो, सिंगापूरसारख्या बंदरांत उतरवून पुन्हा चढवावा लागतो, तो खर्च वाचेल, आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख रोजगार तयार होतील, असे सरकार सांगते. थोडक्यात, मलाही इथून हलता येत नाही, असे बंदराचे म्हणणे आहे.

आता दुसरी बाजू. या बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भराव टाकून जमीन केला जाणार आहे आणि १० किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध उभा राहणार आहे. भरावासाठी वाळू दमणसमोरच्या समुद्रातून काढण्याचे नियोजन आहे. वाढवणच्या बंदराचा भार असा दमणच्या समुद्रतळावरही पडेल. डहाणूचा हा पट्टा मच्छीमार सोनेरी पट्टा म्हणून ओळखतात. सरंगा, घोळ, दाढा, बोंबील, शेवंड यांचे हे पाणी. २०२३ मध्ये राज्य सरकारने सरंग्याला, म्हणजे आपल्या पापलेटला, राज्य मासा म्हणून घोषित केले. त्या सरंग्यासाठी प्रसिद्ध असलेली सातपाटी याच जिल्ह्यात आहे. वाढवणच्या खडपांवर हाताने मासळी-कालवे गोळा करणाऱ्या बायकांकडे नौकाही नाही आणि कुठला परवानाही नाही. भराव पडला की खडप गाडले जाते. जहाजाचा मार्ग चुकला तर पुढे बदलता येतो, मासेमारीची बंदी मागे घेता येते, पण भराव उपसून समुद्र पुन्हा जसाच्या तसा होत नाही. जो निर्णय मागे घेता येत नाही, त्याला पुराव्याचे ओझे सर्वांत जड असायला हवे.

दोघांनाही हलता येत नाही अशी ही जागा आहे. अशा ठिकाणी शासनाला एकाची निवड करावीच लागते आणि लोकशाहीत तो अधिकार शासनाला आहे. पण निवड करण्याची रीत असते. आधी त्या पाण्यात कोण काय करते याची पूर्ण नोंद. मग शेजारचे सगळे प्रकल्प एकत्र धरून त्या पाण्यावर पडणाऱ्या भाराचा हिशेब. मग भरपाईचा आराखडा. आणि त्यानंतर मंजुरी. पालघरमध्ये क्रम वेगळा राहिला. मासेमारीवरचा परिणाम आणि भरपाई यांची चर्चा मंजुरीच्या सोबत आणि मंजुरीच्या नंतर चालू राहिली. एका जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरचे अणुकेंद्र, औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी, वाढवण आणि त्याच्या दक्षिणेला मुरबे इथला नव्या बंदराचा प्रस्ताव अशी रांग लागते. प्रत्येकाचा पर्यावरण अहवाल वेगळा बनतो. सातपाटीच्या नौकेला मात्र तो सगळा समुद्र एकच असतो.

साठ मीटर की एकशेवीस

क्रम चुकला की काय होते, याचा धडा मुंबईत वरळीला मिळाला. किनारी रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडण्यासाठी वरळी कोळीवाड्यासमोर, क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी, पुलाचे खांब येणार होते. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर ६० मीटर होते. नौका काही मीटर रुंद. ६० मीटर पुरेसे आहेत, असे तज्ज्ञांचे मत आले. कोळीवाड्याने ते मानले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर उसळणारी लाट, समोरून येणारी दुसरी नौका, ऐन खांबाजवळ बंद पडलेले इंजिन, आडवा वारा आणि सगळीकडून खडक, हा हिशेब त्यांना रोजच्या सरावाने माहीत होता. त्यांनी नौका आणून काम अडवले. बरीच खडाजंगी झाल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय जाहीर झाला.

इथे मच्छीमारांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य झाले आणि पूलही झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये ती जोडणी वाहतुकीला खुली झाली. म्हणजे दोन्ही गरजा एकत्र नांदू शकत होत्या. आराखडा कागदावर असतानाच कोळीवाड्याच्या तांडेलांना बोलावून भरती-ओहोटीच्या दोन फेऱ्या सोबत मारल्या असत्या, तर काम अडले नसते आणि नवे आरेखन करण्याचा खर्च आणि वेळ वाचला असता. न्याय महाग पडतो असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वरळीत महाग पडला तो उशीर.

खाडीच्या पलीकडे उरणमध्ये उशीर आणखी मोठा होता. जेएनपीए बंदराच्या वाढीसाठी झालेल्या भरावाने खाड्यांची तोंडे आणि खाजणे बाधित झाली, अशी तिथल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पाण्यावरच्या वहिवाटीलाही किंमत आहे, हे त्या आदेशाने मान्य केले. पण खाडी बुजल्यावर मिळालेला पैसा खाडी परत आणत नाही आणि एवढ्या काळात एक पिढी हाताला दुसरे काम शोधत निघून जाते.

भरपाईत आणखी एक खोच आहे. यादी बहुधा नौकेच्या नोंदणीवरून बनते. नौका पुरुषाच्या नावावर असते. पहाटे धक्क्यावर मासळी घेणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसणारी, वलांडीवर बोंबील सुकवणारी बाई त्या यादीत कुठे येते? खलाशी म्हणून काम करणारा, स्वतःची नौका नसलेला आदिवासी कुठे येतो? मासळी एका जाळ्यात पडते, पण तिच्यावर पाच घरे चालतात. नियोजनाच्या नकाशात पाण्याबरोबर ही घरेही आली पाहिजेत.

मच्छीमारांमधला न्याय

प्रकल्पवाले एका बाजूला आणि मच्छीमार दुसऱ्या बाजूला, असे चित्र सोपे आहे आणि अपुरे आहे. सिंधुदुर्गात जा. तिथे रापणीची परंपरा आहे. किनाऱ्यापासून होडीने अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचे. मासळी आली की वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला हात लावलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही. रापण किनारा सोडून जाऊ शकत नाही. मासळी किनाऱ्याला आली तरच तिचा धंदा.

त्याच पाण्यात पर्ससीनचे जाळे आले. थव्याला वेढा घालून तळाशी आवळायचे आणि एका खेपेत अख्खा थवा उचलायचा. बांगडा आणि तारलीचा थवा किनाऱ्याला पोहोचण्याआधीच उचलला जातो, अशी रापणकर आणि लहान गिलनेटवाल्यांची तक्रार होती. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने आदेश काढून पर्ससीनला काळाची आणि क्षेत्राची मर्यादा घातली आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण घेतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे खेचून पकडण्यावर आपल्या क्षेत्रात बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा दुरुस्त करून दंड वाढवला आणि कारवाईचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे दिला.

नियम झाले, तरी परराज्यातले वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या पाण्यात येतच राहिले आणि गस्ती नौका अपुऱ्या पडत राहिल्या. दुसरीकडे पर्ससीनमालकही कर्ज काढून धंद्यात आलेला आहे. त्याच्या नौकेवर वीस-पंचवीस माणसे असतात. त्याला बारा मैलांबाहेर जाता येते, हे मात्र खरे आहे. रापणकराला जाता येत नाही. हलता येण्याची कसोटी इथेही वाट दाखवते: जवळचे पाणी ज्यांना दुसरे पाणी नाही त्यांचे, आणि दूर जाणाऱ्याला दूर जाण्यासाठी बर्फ, डिझेल आणि सुरक्षिततेची मदत. हे मच्छीमार संघटनांनीही मनापासून स्वीकारले पाहिजे. बंदराकडे न्याय मागणाऱ्याने शेजारच्या होडीला तो नाकारला, तर त्याच्या मागणीत जोर उरत नाही.

माशांचा आणि कासवांचा वाटा

समुद्रातल्या जिवांना सुनावणीला येता येत नाही. त्यांच्या वतीने वन विभाग बोलतो आणि त्याचा इतिहास मालवणात कडू आहे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तिथल्या प्रवाळाला संरक्षण हवेच होते. पण ज्यांचे रोजचे पाणी त्या रेघेत आले त्यांना आपण घरातून हद्दपार होतो आहोत असे वाटले आणि विरोध उभा राहिला. अभयारण्य वर्षानुवर्षे मुख्यतः कागदावरच राहिले. ना मच्छीमाराला विश्वास मिळाला, ना प्रवाळाला संरक्षण.

नंतर याच राज्याने एक शहाणे पाऊल उचलले. जाळ्यात कासव, देवमासा किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव अडकला, तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. कासव वाचावे ही सगळ्या समाजाची इच्छा आहे, तर त्याचा खर्च एकट्या खलाशाच्या जाळ्यातून का वसूल करायचा? रक्कम लहान आहे, पण तिच्यामागचा विचार संपूर्ण सागरी नियोजनाला लागू पडतो.

ऑस्ट्रेलियाने तो मोठ्या प्रमाणावर लागू केला. २००४ मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानातले मासेमारीबंदीचे क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते, ते ३३ टक्क्यांच्या वर नेले. त्यासाठी हजारोंनी लेखी मते मागवली गेली, रेघा अनेक ठिकाणी सरकवल्या गेल्या आणि ज्यांचा धंदा जाणार होता त्यांचे परवाने सरकारने विकत घेतले. भरपाईचा खर्च सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी पट वाढला. निर्णयाची खरी किंमत आधी मोजलेली नव्हती, हा त्यातला धडा. ती किंमत शेवटी सरकारने भरली, हा दुसरा.

एका टेबलावर

युरोपीय संघाने २०१४ मध्ये निर्देश काढून किनारी सदस्य देशांना मार्च २०२१ पर्यंत समुद्राचा एकत्रित आराखडा करायला सांगितले. नेदरलँड्समध्ये २०२० मध्ये उत्तर समुद्राचा करार झाला. पवनऊर्जा, निसर्ग, जहाजे, मासेमारी सगळे एका टेबलावर बसले आणि २०३० पर्यंतच्या बदलासाठी २० कोटी युरोंचा निधी ठेवला गेला. तरीही सगळ्या मासेमारी संघटना त्यात आल्या नाहीत. पवनचक्क्यांमुळे आपले पाणी आक्रसते, ही त्यांची भीती पैशाने मिटली नाही. सगळे खूश होतील असा करार समुद्रात होत नाही. प्रत्येकाचे म्हणणे नोंदले जावे आणि निर्णयाची कारणे त्याला तोंडावर सांगितली जावीत, एवढे मात्र करता येते.

भारतातही सुरुवात झाली आहे. नॉर्वेबरोबर २०१९ मध्ये झालेल्या सहकार्यातून पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप इथे सागरी क्षेत्रनियोजनाचे प्रायोगिक काम हाती घेण्यात आले आणि चेन्नईचे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र त्यात आहे. महाराष्ट्राने त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आधार कायद्यात आधीच होता. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने किनारी आराखड्यांत मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याची ठिकाणे आणि पाण्यातली मासेमारीची व प्रजननाची क्षेत्रे स्पष्ट दाखवायला सांगितले होते. कोळीवाड्यांच्या सीमांकनासाठी आजही आंदोलने करावी लागतात, यावरून ते काम किती झाले हे कळते.

ते काम आता करता येण्याजोगे आहे. आज बहुतेक यांत्रिक नौकांवर जीपीएस असते. तांडेलाच्या डोक्यातल्या जागा यंत्रातही साठलेल्या असतात. मच्छीमार त्या सहजासहजी देणार नाहीत, कारण चांगली जागा हे धंद्याचे गुपित असते आणि सरकारला दिलेली माहिती उद्या आपल्याच विरोधात वापरली जाईल ही भीती अनुभवातून आलेली आहे. म्हणून नोंद गावाच्या सहकारी संस्थेमार्फत व्हावी, एकेका नौकेची जागा उघड न करता गावाचा पट्टा दाखवावा, आणि हा नकाशा मच्छीमारांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येणार नाही अशी कायदेशीर हमी असावी. खडपावरच्या बायकांच्या जागा, वलांड्या, बाजार यांची नोंद महिलांच्या गटांकडून व्हावी.

बारा मैलांतली मासेमारी राज्याची आहे, लहान बंदरे राज्याची आहेत आणि वाढवणच्या प्रकल्पात राज्याच्या सागरी मंडळाची २६ टक्के भागीदारी आहे. म्हणजे हा नकाशा करण्याची जबाबदारी टाळायला राज्याकडे सबब नाही. मत्स्य विभाग, सागरी मंडळ, कांदळवन कक्ष, जिल्हाधिकारी आणि मच्छीमार संस्था यांनी जिल्हानिहाय तो करावा आणि त्याला विधिमंडळाने कायद्याचे बळ द्यावे. त्यानंतर कुठलाही प्रकल्प आला, तरी पहिली बैठक त्या नकाशावर व्हावी. प्रकल्पाला हलता येत असेल तर हलवावे. हलता येत नसेल तर ज्यांचे पाणी जाणार आहे त्यांची पूर्ण यादी, त्यात नौकामालक, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बायका, पहिला दगड पडण्याआधी जाहीर व्हावी आणि पैसे त्यांच्या खात्यात जमा व्हावेत. शेजारच्या सगळ्या प्रकल्पांचा एकत्रित भार मोजल्याशिवाय नवी मंजुरी देऊ नये. आणि दर पाच वर्षांनी आराखडा पुन्हा तपासावा, कारण पाणी तापते आहे आणि मासळीही जागा बदलते आहे.

याची सुरुवात पालघरपासून व्हायला हवी. तिथे सर्वांत जास्त पणाला लागले आहे आणि तिथल्या मच्छीमारांना आजवर प्रत्येक सुनावणीत आपण त्या पाण्यात आहोत हेच आधी सिद्ध करावे लागले. वाढवणचा निर्णय झाला असला, तरी त्याच्या भरपाईचा, दमणच्या वाळूचा आणि मुरबे बंदराच्या प्रस्तावाचा हिशेब अजून त्या नकाशावर मांडता येतो. पुढच्या सुनावणीच्या दिवशी प्रकल्पाच्या नकाशाशेजारी सातपाटी, मुरबे, वाढवण, डहाणू या गावांच्या पाण्याचा शिक्क्यानिशी नकाशा टेबलावर असला पाहिजे. तो तिथे असेल तरच त्या सुनावणीला सुनावणी म्हणता येईल.